जुन्या गाडीचा दम

आपल्याकडे ‘पिकअप’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पहाटे बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट घेऊन शिरणारी, मागे उघडा हौदा असलेली छोटी मालगाडी म्हणजे पिकअप. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ज्या जोमानं उचल घेते, तोही पिकअपच. ‘पिकअपला पिकअप नाही’ असं एखादा ड्रायव्हर म्हणाला, तर गॅरेजमध्ये कुणी हसत नाही. सगळ्यांना दुखणं कळतं.

याच दुखण्याला गॅरेजमध्ये आणखी एक शब्द आहे. दम. ‘उस्ताद, गाडीत दम राहिला नाही.’ मी कवितेचा माणूस, शब्दांच्या मागे लागणं हा माझा धंदा. फारसीत दम म्हणजे श्वास. आपण मराठीत तो लागणं, धरणं, देणं, खाणं अशा सगळ्या कामांना जुंपला. पण इंजिनाच्या बाबतीत मिस्त्रींनी तो मूळ अर्थानंच वापरला आहे, असं मला वाटतं. इंजिन हे श्वास घेणारं यंत्र आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. इंधन जास्त ओतणं सोपं. तेवढी हवा आत घेणं आणि जळलेला वायू बाहेर टाकणं अवघड. जुन्या पिकअपची ताकद वाढवण्याच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या धडपडीकडे पाहिलं, तर तो बव्हंशी या श्वासाचाच इतिहास आहे. त्याचा मोठा भाग अमेरिकेत घडला, म्हणून आधी तिकडे जाऊ.

फोर्ड कंपनीनं एप्रिल १९२५ मध्ये आपल्या मॉडेल-टी मोटारीला मागे पोलादी हौदा बसवून ती तयार गाडी म्हणून विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या निघाल्या. पण कंपनीला ही कल्पना आकाशातून सुचलेली नव्हती. त्याआधी कितीतरी अमेरिकन शेतकऱ्यांनी मोटारीचा मागचा भाग उतरवून तिथं फळ्यांचा खोका ठोकला होता. म्हणजे पिकअप ही गाडी मुळात मालकानं आपल्या गरजेपोटी केलेल्या बदलातूनच जन्माला आली. तिचं इंजिन होतं २० अश्वशक्तीचं. बटाट्याची पोती, दुधाचे कॅन आणि कच्चा रस्ता यांच्यापुढे ते लवकरच धापा टाकू लागलं.

१९३२ मध्ये फोर्डनं व्ही-८ इंजिन आणलं. आठ सिलिंडरचं इंजिन तोवर श्रीमंतांच्या मोटारींत असे. हेन्री फोर्डनं हट्टानं त्याचा सांगाडा एकाच ओतकामात तयार करवला आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. क्षमता ३.६ लिटर, ताकद ६५ अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पर्यंत, ती १०० अश्वशक्तीवर पोचली. मोटारीत हेच इंजिन, पिकअपमध्येही हेच.

या इंजिनाला तिकडे ‘फ्लॅटहेड’ म्हणत. त्याचे व्हॉल्व्ह डोक्यावर नव्हते, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच होते. वरचं हेड नुसत्या झाकणासारखं चपटं. बनवायला स्वस्त, दुरुस्तीला सोपं. पण श्वासाच्या दृष्टीनं अडचणीचं. हवेला आत येताना वळसा घ्यावा लागे. जळलेला वायू तर ब्लॉकच्या आतून, थंड पाण्याच्या वाटेला खेटून बाहेर पडे. त्यामुळे पाणीच तापे. मोटार सपाट रस्त्यावर निभावून नेई. माल भरलेला ट्रक चढावर मात्र उकळू लागे. आपल्याकडे घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून, रेडिएटरवर ओलं फडकं टाकून उभी असलेली गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

याच सुमारास कॅलिफोर्नियात गॅरेजमधली काही तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन त्यांना वेग देण्याच्या नादी लागली होती. लॉस एंजेलिसच्या पलीकडे म्युरॉकसारखी कोरडी पडलेली सपाट तळी आहेत, तिथं ती शर्यती लावत. त्यांच्यातलाच एक विक एडलब्रॉक. गॅरेज चालवणारा, शिक्षण बेताचं. १९३८च्या सुमारास त्यानं आपल्या १९३२च्या फोर्डसाठी एक नवा मॅनिफोल्ड तयार केला. कार्बोरेटरमधून आलेली हवा सिलिंडरांना वाटून देणारा हा नळ्यांचा भाग. एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसतील आणि हवेची वाट मोकळी होईल, अशी त्याची रचना. गाडी पळाली, तसे इतरही तो मागू लागले. आज जगभर चालणाऱ्या मोठ्या धंद्याचं बीज या असल्या गॅरेजांत आहे.

या मंडळींकडून शिकण्यासारखी गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९३८ पर्यंतच्या फोर्डला ब्रेक होते यांत्रिक ओढीचे; तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९३९ मध्ये आले. तेव्हा जुनी फोर्ड वेगवान करणारी जाणती पोरं भंगारातून १९३९ नंतरच्या गाडीचे ब्रेक शोधून आपल्या गाडीला लावत. पळण्याची सोय करताना थांबण्याची सोय विसरून चालत नाही, हे त्यांना पुस्तकानं नव्हे, रस्त्यानं शिकवलं होतं. आजही जुन्या पिकअपचं इंजिन वाढवण्याआधी जाणकार मिस्त्री ब्रेक, रेडिएटर आणि स्टिअरिंग पाहतो. मग सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासतो. झिजलेल्या इंजिनाला नवा कार्बोरेटर लावणं म्हणजे दम्याच्या रोग्याला नवे बूट घेऊन देणं.

आता या इतिहासातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस. झोरा आर्कस-डंटोव्ह. १९०९ मध्ये ब्रसेल्समध्ये रशियन ज्यू आईवडिलांच्या पोटी जन्म. बालपण रशियात, शिक्षण बर्लिनमध्ये. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर नाझींच्या तावडीतून निसटून तो स्पेन-पोर्तुगालमार्गे न्यूयॉर्कला पोचला. भाऊ युरा आणि तो, दोघांनी मिळून एक कारखाना काढला. आर्कस आणि डंटोव्ह या नावांतून शब्द घेतला, ‘आर्डन’. युद्ध संपल्यावर या भावांनी फोर्डच्या ट्रकांचं दुखणं हातात घेतलं. जुना ब्लॉक तसाच ठेवायचा, वरचं चपटं हेड काढायचं आणि त्या जागी ॲल्युमिनियमचं नवं हेड बसवायचं. त्यात व्हॉल्व्ह डोक्यावर, इंधन जळण्याची जागा अर्धगोल, हवेची वाट सरळ. आणि जळलेला वायू ब्लॉकच्या पोटातून न जाता थेट बाहेर. १९४७च्या सुमारास हे हेड बाजारात आलं. १०० अश्वशक्तीचं इंजिन त्याच्या जोरावर दीडशेच्या पुढे जात होतं.

पण ट्रकवाल्यांनी ते घेतलं नाही. हेड महाग होतं. इंजिन रुंद होऊन जुन्या जागेत अडचणीनं बसे. शिवाय १९४८ मध्ये फोर्डनं मोठ्या ट्रकांसाठी स्वतःचंच मोठं इंजिन काढलं. ज्याच्यासाठी औषध तयार केलं, तो रोगी दुसऱ्या दवाखान्यात गेला. फार थोडी हेड विकली गेली आणि त्यांतली बरीचशी शर्यतीच्या गाड्यांवर जाऊन बसली. ओझ्यासाठी जन्मलेली वस्तू वेगाच्या कामी आली. कारखाना बुडाला.

माणूस मात्र बुडाला नाही. १९५३ मध्ये तो शेव्हरोलेत नोकरीला लागला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यानं वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. त्याचा आशय असा : तरुण पोरं फोर्डवर वाढतात, मासिकांची पानं फोर्डनं भरलेली असतात, सुटे भाग फोर्डचेच मिळतात. आपलं इंजिन त्यांच्या हाती जावं असं वाटत असेल, तर त्याला लागणारे ताकदीचे भाग आपणच नीट तपासून, तयार करून द्यायला हवेत. १९५५ मध्ये शेव्हरोलेचं नवं व्ही-८ आलं. ४.३ लिटर, मोटारीत १६२ अश्वशक्ती. व्हॉल्व्ह डोक्यावर, आणि वजनाला कंपनीच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षाही हलकं. त्याच वर्षी ते पिकअपमध्येही मिळू लागलं. त्याआधी, १९५४ मध्ये, फोर्डनंही आपल्या पिकअपला डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलं व्ही-८ दिलं होतं. आर्डननं जे हात घालून सांगितलं होतं, ते कारखान्यांनी मान्य केलं.

इथून पुढे जुन्या पिकअपच्या मालकापुढे तीन वाटा झाल्या. आहे ते इंजिन चांगलं दुरुस्त करायचं. किंवा त्याच्यावर नवे भाग चढवायचे. किंवा ते उतरवून दुसरंच बसवायचं. शेव्हरोलेचं इंजिन इतकं मुबलक आणि स्वस्त झालं, की जुन्या फोर्डमध्येसुद्धा लोक तेच बसवू लागले. हिशेब साधा होता. म्हाताऱ्या इंजिनावर चार महागडे भाग चढवण्यापेक्षा तरुण इंजिन बरं. पण नव्या इंजिनाची ताकद शेवटी जुन्याच क्लचमधून, जुन्याच गिअरबॉक्समधून आणि जुन्याच क्राउन-पिनियनमधून चाकाकडे जाते. एक दुवा बळकट केला, की ताण पुढच्या दुव्यावर येतो. गंमत म्हणजे ज्याला फक्त ओझं घेऊन चढ चढायचा आहे, त्याचं काम पुष्कळदा क्राउन-पिनियनचं दात-प्रमाण बदलूनच भागतं. वेग थोडा कमी होतो, पण इंजिनाला हात न लावता गाडी चढाला लागते.

मग आला डिझेल आणि टर्बोचा काळ. टर्बो म्हणजे श्वासाची युक्तीच. बाहेर पडणारा गरम वायू एक चक्र फिरवतो; त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. उच्छ्वासाच्या जोरावर श्वास. कमिन्स ही इंडियानातली डिझेल इंजिनांची कंपनी. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर ती पुण्यात आली, म्हणून आपल्याला परकी नाही. या कंपनीनं १९५२ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियन चालक होता आणि पात्रता फेरीतून या गाडीनं शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा मिळवली. मात्र २०० फेऱ्यांच्या शर्यतीत ती ७१ फेऱ्यांनंतर थांबली. हवा ओढण्याचं तोंड खाली होतं. रस्त्यावरचे टायरच्या रबराचे कण त्यात जाऊन टर्बो तुंबला. एवढं अजस्र इंजिन कचऱ्यानं गुदमरलं. गॅरेजमधला पोऱ्या एअर फिल्टर झटकून आणतो, त्या कामाची किंमत यावरून कळावी.

१९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल बसलं. अश्वशक्ती १६० च, पण ओढण्याची ताकद अशी, की मोठमोठे ट्रेलर ओढावेत. या इंजिनात वाढीला जागा होती. पंपातून डिझेल थोडं जास्त सोडलं, की गाडी उसळू लागे. लोकांनी ते सोडलं. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, तर उरलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि आतली उष्णता पिस्टनवर येते. ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळलेले नमुने गॅरेजमध्ये पाहायला मिळतात. म्हणून जाणकार माणूस आधी बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान दाखवणारा काटा बसवतो, हवेची सोय वाढवतो आणि मगच डिझेलच्या स्क्रूला हात लावतो.

ज्यांना एवढा धीर नव्हता, त्यांच्यामुळे या इतिहासाला एक काळी कड आली. पुढच्या काळातल्या पिकअपला धूर गाळणारी यंत्रणा आली, तशी ती काढून टाकण्याचीही टूम निघाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल गाड्यांतून ही यंत्रणा काढली गेली होती. गाडीचा दम वाढवला, तो रस्त्यावरच्या माणसाचा दम काढून घेऊन.

आपल्याकडची जुनी पिकअप ही बहुधा हौसेची वस्तू नसते. तिच्यावर कुणाचं कर्ज फिटत असतं, कुणाच्या मुलीची फी भरली जात असते. इंजिन बदलून मोठं बसवावं म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी विसंगत होईल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे आपल्या मालकासाठी उत्तम सुधारणा तीच, जी इतिहासानंही पहिली ठरवली : स्वच्छ फिल्टर, नीट बसलेले व्हॉल्व्ह, बरोबर टायमिंग, न चोंदलेला सायलेन्सर, गार राहणारं पाणी आणि भरवशाचे ब्रेक. मोठ्या इंजिनाच्या खर्चात हे सगळं होऊन वर पैसे उरतात. झिजेत गेलेली ताकद अशीच परत मिळते; अनेकदा ‘दम नाही’ ही तक्रार तेवढ्यानंच मिटते.

त्यापुढे जायचंच असेल, तर एक प्रश्न आधी विचारावा. आपल्याला ओझं न्यायचं आहे की वेग दाखवायचा आहे? डंटोव्हनं ओझ्यासाठी हेड बनवलं, ते वेगवाल्यांनी नेलं; त्यात त्याचा कारखाना गेला. वस्तू आणि काम यांची गाठ चुकली, की इतकं नुकसान होतं. आणि मागच्या नळीतून काय बाहेर पडतं, तेही आरशात पाहावं. त्या हवेत पाठीमागच्या सायकलवर शाळेत निघालेलं एखादं पोर श्वास घेत असतं.