डॉगर बँक : युद्ध टाळणारी एक चौकशी

दोन राष्ट्रांत तंटा उद्भवला की प्रत्येक पक्ष आपलीच हकिगत खरी मानतो आणि पाहता पाहता 'काय घडले?' या प्रश्नाची जागा 'माघार कोणी घ्यायची?' हा प्रश्न घेतो. अशा प्रसंगी त्रयस्थांकरवी सत्य शोधता येते, याची साक्ष १९०४ सालच्या एका दुर्घटनेने दिली.

रशिया-जपान युद्ध पेटलेले होते. ॲडमिरल रोझेस्टव्हेन्स्की यांच्या आधिपत्याखाली रशियाचे बाल्टिक आरमार पूर्वेकडे निघाले होते. जपानी टॉर्पेडो बोटी वाटेत दबा धरून बसल्या आहेत, अशा अफवांनी ते धास्तावलेले होते. २१ ऑक्टोबरच्या रात्री उत्तर समुद्रातील डॉगर बँक या उथळ भागात इंग्लंडमधील हल बंदराच्या सुमारे तीस बोटी मासेमारी करीत होत्या. त्यांनाच शत्रू समजून आरमाराने दहा-बारा मिनिटे तोफा डागल्या. 'क्रेन' ही बोट बुडाली, दोन मच्छीमार ठार झाले. त्या गोंधळात रशियाच्याच 'अरोरा' या युद्धनौकेवरही गोळे पडले आणि तिच्यावरील धर्मगुरू प्राणास मुकले.

ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली, आरमार सज्ज झाले. झारने खेद व्यक्त केला. परंतु टॉर्पेडो बोटी होत्याच, या आपल्या सेनानीच्या दाव्यावर रशिया ठाम होता. फ्रान्सची मोठी कुचंबणा झाली. रशिया त्याचा दोस्त, तर ब्रिटनशी त्याच वर्षी एप्रिलमध्ये समेट झालेला. परराष्ट्रमंत्री देलकासे यांनी उभयतांत शिष्टाई केली. १८९९ च्या हेग करारात चौकशी आयोगाची तरतूद होती खरी. पण राष्ट्राच्या प्रतिष्ठेशी निगडित तंटे तिने वगळले होते. येथे तर प्रतिष्ठाच पणाला लागलेली! तरीही २५ नोव्हेंबर रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे करार झाला आणि जबाबदारी कोणाची व दोष किती, हे ठरविण्याचे कामही आयोगाकडे सोपविण्यात आले.

ब्रिटन, रशिया, फ्रान्स व अमेरिका यांचा प्रत्येकी एक ॲडमिरल आणि पाचवे ऑस्ट्रिया-हंगेरीचे फॉन श्पाउन, असा हा आयोग पॅरिसमध्ये बसला. फ्रान्सचे फूर्निए अध्यक्ष होते. आरमारी अधिकाऱ्यांप्रमाणेच साध्या मच्छीमारांचीही साक्ष नोंदविली गेली. फेब्रुवारी १९०५ मध्ये आयोगाने बहुमताने निष्कर्ष दिला : तेथे टॉर्पेडो बोटी नव्हत्या, गोळीबार समर्थनीय नव्हता. मात्र यामुळे ॲडमिरलच्या लष्करी योग्यतेला वा माणुसकीला बाध येत नाही, असेही नमूद केले. सत्य सांगितले गेले आणि मानही राखला गेला. रशियाने सुमारे ६५ हजार पौंड भरपाई दिली.

या अनुभवावरून १९०७ च्या हेग परिषदेने चौकशीचे नियम अधिक विस्ताराने घालून दिले. पण नियम कितीही चांगले असले, तरी त्यांचा आश्रय घेण्याची इच्छा हवी. जुलै १९१४ मध्ये सर्बियाने आपला तंटा हेगच्या न्यायाधिकरणापुढे नेण्याची तयारी दर्शविली. ज्या ऑस्ट्रिया-हंगेरीचा ॲडमिरल पॅरिसच्या आयोगात बसला होता, त्याच साम्राज्याने ती नाकारून तीन दिवसांत युद्ध पुकारले. त्या नकाराची किंमत लक्षावधी घरांनी मोजली. डॉगर बँकेवरील दोन मच्छीमारांचे मरण मात्र आणखी मरणांचे निमित्त ठरले नाही.