वर्तनोपचार, विकासात्मक अक्षमता असलेल्या बालकांचा

बालकाचे एखादे वर्तन कोणत्या परिस्थितीत घडते आणि घडल्यानंतर त्याच्या पदरात काय पडते, याचे काटेकोर निरीक्षण करून, त्या परिस्थितीत वा त्या परिणामांत हेतुपूर्वक फेरफार घडवून, त्याला नवी कौशल्ये शिकविण्याची आणि त्याला स्वतःला किंवा इतरांना अपाय करणारे वर्तन कमी करण्याची पद्धती. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, डाउन संलक्षण इत्यादी अवस्थांतील मुलांच्या शिक्षणात तिचा विशेष उपयोग केला जातो. या पद्धतीने मूळ अवस्था नाहीशी होत नाही. तसा दावा जेव्हा जेव्हा पुढे आला, तेव्हा तेव्हा वाद माजला.

पद्धतीचा पाया वर्तनवादाने घातला. ज्या कृतीचा परिणाम सुखावह होतो ती कृती दृढ होते, हे एडवर्ड थॉर्नडाइक याने पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले, जॉन वॉटसन याने १९१३ मध्ये वर्तनवादाची उघड द्वाही फिरविली, आणि बी. एफ. स्किनर याने १९३८ च्या आपल्या ग्रंथात साधक अभिसंधानाचे, म्हणजे परिणामांवरून वर्तन घडत जाण्याचे, शास्त्र मांडले. मात्र प्रयोगशाळेतले हे सिद्धान्त ज्यांना काहीच शिकविता येणार नाही असा वैद्यकाचा निर्वाळा होता त्यांच्या खाटेपर्यंत प्रथम नेले ते पॉल फुलर याने. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगातील अठरा वर्षांचा तरुण पाठीवर निश्चल पडून असे. उजवा हात किंचित हलविताच कोमट, साखर घातलेले दूध तोंडात मिळू लागले, तेव्हा थोड्याच बैठकांत तो हात मुद्दाम उचलू लागला. पराक्रम म्हणून ही गोष्ट क्षुल्लक खरी. पण ज्याला शिकता येत नाही असे आपण समजतो त्याला शिकविणाऱ्यानेच योग्य रीत योजलेली नसते, हा जो विचार पुढे या क्षेत्राचा कणा झाला, त्याचा उगम येथे आहे.

बालकांच्या बाबतीत प्रसिद्धीस आलेले पहिले मोठे उदाहरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातले असून मॉन्ट्रोझ वुल्फ, टॉड रिझली व हेडन मीझ यांनी ते १९६४ मध्ये नोंदविले. साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि सहा महिन्यांच्या आत चष्मा लावू लागला नाही तर त्याची दृष्टी कायमची जाईल, असे नेत्रवैद्याने सांगितले होते. मूल मात्र चष्मा लावू देत नव्हते. प्रयोगकर्त्यांनी भिंगे नसलेल्या रिकाम्या चौकटी खोलीत जागोजागी ठेवल्या. त्याने एखादी उचलली की फळाची फोड किंवा गोळी मिळे. मग ती हातात धरून हिंडल्याबद्दल, मग डोळ्यांकडे नेल्याबद्दल, असे बक्षीस एकेक पायरी पुढे सरकत गेले. खाऊच्या लालचीने काम पुरेसे पुढे जाईना, तेव्हा त्याचे नेहमीचे जेवणच घासाघासाने या कामी लावण्यात आले. शेवटी तो मुलगा दिवसाकाठी सुमारे बारा तास चष्मा घालू लागला. या वृत्तांतातील कल्पकता जितकी नजरेत भरते तितकेच, भुकेल्या लेकराचा घास अटीवर देणे कितपत युक्त, हा प्रश्नही आजचा वाचक विचारल्यावाचून राहणार नाही. येथे पारड्यात डोळे होते, ही गोष्ट त्या वेळी निर्णायक ठरली.

वर्गातले नित्याचे काम याहून साधे असते. सदऱ्याची गुंडी लावणे हे आपल्याला एकच काम वाटते. शिक्षिका मात्र त्याचे गुंडी चिमटीत धरणे, काजाची कड दुसऱ्या हाताने ताणणे, गुंडी अर्धी आत सारणे, पलीकडून पकडणे आणि ओढून घेणे असे तुकडे पाडते, व पुष्कळदा शेवटच्या तुकड्यापासून आरंभ करते. गुंडी जवळजवळ पूर्ण आत घालून ती थांबते, उरलेले ओढणे तेवढे मूल करते, आणि लागलेल्या गुंडीचे श्रेय त्याच्या वाट्याला येते. ते जमले की त्याआधीची पायरी. हातावर हात धरून दिलेली मदत पुढे मनगटाच्या नुसत्या स्पर्शावर, तेथून बोटाच्या खुणेवर आणि शेवटी शून्यावर आणावयाची असते. ही मदत वेळीच काढून घेतली नाही तर मूल गुंडी लावावयास नव्हे, बाईंच्या हाताची वाट पाहावयास शिकते. प्रत्येक प्रयत्नाची नोंद वहीत होते. ही नोंद कंटाळवाणी खरी, पण तिच्याविना हा उपचार केवळ अंदाजपंचे चाललेला कारभार होय.

प्रबलन, म्हणजे वर्तन दृढ करणारा असा सुखावह परिणाम, ही लाचच होय, असा आक्षेप पालक हटकून घेतात. वस्तुतः बाजारात आडवे पडून रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी दिलेले चॉकलेट, हे ते रडणेच दृढ करणारे उत्तम प्रबलन असते, आणि दहा मिनिटे ठाम राहून अकराव्या मिनिटाला नमणारे घर मुलाला अकरा मिनिटे रडावयास शिकवीत असते. प्रतिसाद थांबविताच रडणे कित्येकदा आधी वाढते व मग ओसरते, याची पूर्वकल्पना नसल्याने बहुतेक घरे नेमकी त्या वाढीच्या क्षणी हार खातात.

या शास्त्राची खरी प्रौढता वर्तनाचा हेतू शोधण्यात दिसून आली. बाल्टिमोर येथील केनेडी संस्थेत ब्रायन इवाटा व त्याचे सहकारी यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचे निरीक्षण वेगवेगळ्या नियोजित परिस्थितींत केले, आणि बाहेरून एकसारखी दिसणारी इजा कोणी लक्ष वेधण्यासाठी, कोणी नकोसे काम टाळण्यासाठी, तर कोणी एकटेपणी होणाऱ्या संवेदनेसाठी करीत असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. त्यानंतर सर्वांना एकच उपाय लागू करण्याची सबब उरली नाही. काम टाळण्यासाठी डोके आपटणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसविणे म्हणजे त्याला हवी ती सुट्टी देणेच. एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये पुढचे पाऊल टाकले : अवघड काम येताच दंगा करणाऱ्या मुलांना त्यांनी ‘मला समजत नाही’ असे, तर लक्ष मिळत नसल्याने दंगा करणाऱ्यांना ‘मी नीट करतोय ना?’ असे विचारावयास शिकविले, आणि दंगा ओसरला. ज्यांना वाचा नाही त्यांच्यासाठी चित्रांची देवाणघेवाण करण्याची रीत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी त्याच वर्षी डेलावेअरमध्ये सुरू केली. दंगा ही मुलाची एक प्रकारे फिर्यादच असते, हे एकदा मान्य केले की ती दडपण्याऐवजी दाद मागण्याची बरी वाट त्याला दाखविणे हे उपचारकाचे काम ठरते. आणि प्रस्तुत पद्धतीत टिकाऊ असे जे काही आहे ते बहुतांशी येथेच आहे.

याच इतिहासाची दुसरी बाजू लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातील इव्हार लोवास (१९२७–२०१०) याच्या नावाशी निगडित आहे. १९६० च्या दशकात त्याने स्वमग्न मुलांवर चापट्या व विजेचे झटके यांचाही प्रयोग केला, आणि ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९६५ मध्ये त्याची छायाचित्रे कौतुकाच्या सुरात छापली. १९८७ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला ४० तास, दोन वर्षे वा अधिक काळ शिकविलेल्या १९ पैकी ९ मुलांनी सर्वसाधारण बुद्ध्यंक व सर्वसाधारण शालेय प्रगती गाठल्याचा निष्कर्ष होता. असंख्य पालकांनी या आकड्यावर आपली मिळकत व उमेद लावली. परंतु मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि इतक्या ठळक निकालाचा प्रत्यय पुढील अभ्यासांत आला नाही. सॅली रॉजर्स व जेराल्डिन डॉसन यांची डेन्व्हर रीत मेजाखुर्चीवरील कवाईत सोडून जमिनीवरच्या खेळातून शिकविते. १८ ते ३० महिन्यांच्या ४८ बालकांची यादृच्छिक विभागणी करून तिची जी चाचणी झाली, तीत बुद्ध्यंक व भाषा यांत इष्ट फरक आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत तीव्र टीका मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींकडून आली. हात फडफडविणे, डोळ्याला डोळा न देणे या कोणाचेही नुकसान न करणाऱ्या गोष्टी मोडून काढण्यात आपले बालपण खर्ची पडले, हा त्यांचा मुख्य आरोप असून तो साधार आहे. कोणते वर्तन बदलावयाचे हे ठरविण्याचा मुखत्यार कोण, याचे उत्तर वर्तनशास्त्र स्वतः देऊ शकत नाही. मॅसॅच्युसेट्समधील एका निवासी संस्थेत विजेचे झटके एकविसाव्या शतकातही चालू राहिले; ते देणाऱ्या उपकरणावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये घातलेली बंदी न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरविली.

भारतात या पद्धतीचा पद्धतशीर प्रसार १९८४ मध्ये सिकंदराबादला स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक अपंग संस्थेने केला. तेथील रीटा पेशावरिया व एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका आणि भारतीय मुलांसाठीची वर्तनमापन श्रेणी, जिच्या एका भागात कौशल्ये व दुसऱ्यात समस्यावर्तने यांची नोंद होते, ही दोन्ही साधने विशेष शिक्षकांच्या हाती पडली. महाराष्ट्रात विशेष शाळांची परंपरा याहून जुनी आहे : मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची व पुण्याची कामायनी १९६४ ची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नतेसह २१ अक्षमतांना मान्यता दिली असून त्याच्या सहाव्या कलमान्वये क्रूर, अमानुष वा मानहानिकारक वागणुकीपासून दिव्यांग व्यक्तीला संरक्षण आहे. उपचाराच्या नावाखाली केलेली मारझोडही त्यातून सुटत नाही.

शहरोशहरी निघालेल्या उपचारकेंद्रांत तासाचे दर भारी आणि शिकविणाऱ्यांची पात्रता मात्र नाना तऱ्हेची, अशी स्थिती असल्याने पालकांनी नोंदणीचा दाखला अवश्य मागावा. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमात चिकित्सामानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचोपचारतज्ज्ञ आदींची गणना आहे, वर्तनविश्लेषक असा स्वतंत्र वर्ग नाही. आणि नोंदणीवाचून पुनर्वसनाचा व्यवसाय करणाऱ्यास या अधिनियमाच्या तेराव्या कलमात एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.