वेतन हा चौथा निकष

‘समान कामासाठी समान वेतन’ या तत्त्वाचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा १९८२ पासून सुरुवात केली जाते. सीमाभागातील वाचकाला हा आरंभ पुरेसा वाटू नये. कारण या तत्त्वाची मोजपट्टी त्याआधी पाव शतक तयार झाली होती, आणि ती ज्यांच्यासाठी झाली त्यांत आपल्या मागच्या पिढीतील कारकून, शिक्षक व अव्वल कारकून होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा, तसेच विजापूर, धारवाड व उत्तर कॅनरा हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. त्यांतील मराठवाडा मुंबईला मिळाला. इंदूर व ग्वाल्हेरचा मध्यभारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला. माणसे आपापल्या खुर्चीवर होती तिथेच राहिली, बदलले ते त्यांचे सरकार. एकट्या म्हैसूर राज्यात मुंबई, हैदराबाद, मद्रास, कूर्ग आणि जुने म्हैसूर अशा पाच प्रशासनांचे कर्मचारी एका ज्येष्ठतासूचीत बसवायचे होते. एका राज्यातील पदनामाचा दुसऱ्या राज्यातील पदनामाशी मेळ नव्हता. नाव सारखे असले तर अधिकार वेगळे, अधिकार सारखे असले तर पगार वेगळा, अशी स्थिती होती.

हा पेच आधीच ओळखून मे १९५६ मध्ये मुख्य सचिवांच्या परिषदेत पदांची समतुल्यता ठरविण्याचे चार निकष निश्चित झाले. पदाचे स्वरूप व कर्तव्ये हा पहिला. अधिकाऱ्याची जबाबदारी, त्याचे अधिकार आणि त्याच्याकडील कार्यक्षेत्राचा विस्तार हा दुसरा. भरतीसाठी लागणारी किमान पात्रता हा तिसरा, आणि वेतन हा चौथा. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्यानेच निकाल फिरले आहेत.

राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११५ ने संविलीनीकरणाचे काम केंद्र सरकारकडे सोपविले. त्याच्या सातव्या पोटकलमाच्या परंतुकाने एक कवच दिले: केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून कोणाच्याही सेवाशर्ती त्याचे अहित होईल अशा रीतीने बदलता येणार नाहीत. कवच भक्कम दिसत होते, पण ११ मे १९५७ च्या एका पत्रकाने केंद्राने राज्यांना आधीच सर्वसाधारण मुभा देऊन ठेवली. वेतन, रजा, निवृत्तिवेतन यांसारख्या बाबींना संरक्षण राहिले. खात्यांतर्गत पदोन्नतीला ते मिळाले नाही. दक्षिण कॅनरातून म्हैसूर राज्यात आलेल्या एका कर्मचाऱ्याने याला आव्हान दिले. राघवेंद्र राव खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने हे पत्रक म्हणजेच पूर्वसंमती असे मानले. कायद्याच्या शब्दांत हा निर्णय बसतो, हे मान्य केले तरी माझे मत असे की परंतुकाचा अर्धा जीव तेथेच गेला.

मध्य प्रदेशातील पी. के. रॉय खटल्यात न्यायालयाने वरील चार निकष मान्य केले, आणि अंतिम सूचीपूर्वी बाधित अधिकाऱ्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, असेही सांगितले. मराठवाड्यातील तहसीलदारांनी दाखल केलेल्या देवधर खटल्यात घटनापीठाने पदोन्नतीची केवळ शक्यता ही सेवाशर्त नव्हे असे ठरविले. मात्र उपजिल्हाधिकारीपदासाठी विभागवार याद्यांवरून पदोन्नती देण्याची महाराष्ट्राची पद्धत समान संधीच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केली. गोव्यात हाच प्रश्न १९६१ नंतर वेगळ्या वाटेने आला. पोर्तुगीज राजवटीतील कर्मचाऱ्यांसाठी संसदेला १९६५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

या सर्व काळात प्रत्यक्ष वेतनाच्या दाव्याला न्यायालयाचे दार जवळपास बंद होते. १९६२ च्या किशोरी मोहनलाल बक्षी खटल्यात समान वेतन हे एक अमूर्त तत्त्व असून अनुच्छेद १४ शी त्याचा संबंध नाही, असे न्यायालय म्हणाले होते. ते दार उघडले दिल्ली पोलिसांतील एका चालक-शिपायाने. रणधीर सिंग यांची वेतनश्रेणी शिक्षणानुसार २१०-२७० वा २२५-३०८ रुपये; रेल्वे संरक्षण दलातील चालकाची २६०-४००. वाहन तेच, रस्ते तेच. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी अनुच्छेद ३९(घ) हा अनुच्छेद १४ व १६ यांच्या जोडीने वाचला आणि १ जानेवारी १९७३ पासून निदान रेल्वे संरक्षण दलाइतकी श्रेणी देण्याचा आदेश दिला. निकालाचा दिवस होता २२ फेब्रुवारी १९८२.

पुढे न्यायालय सावध झाले. चौरसिया खटल्यात (१९८८) पदांचे मूल्यमापन वेतन आयोगासारख्या तज्ज्ञांवर सोडावे, असा सूर लागला. आजही सरकारी वकील याच निकालाने युक्तिवाद सुरू करतात. २०१६ च्या जगजीत सिंग खटल्यात न्या. खेहर व न्या. बोबडे यांनी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना नियमित श्रेणीचे किमान वेतन देवविले; पण काम समान आहे हे सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच असल्याचे त्यांनी स्पष्ट केले.

आता पुन्हा त्या चौथ्या निकषाकडे वळू. सीमा सुरक्षा दलातून दिल्ली पोलिसांत सामावलेल्या उपनिरीक्षकांची मागील सेवा ज्येष्ठतेसाठी मोजावी की नाही, हा वाद १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन्ही पदांचे पगार वेगळे, म्हणून पदे समतुल्य नाहीत, असे प्रशासनाचे म्हणणे होते. न्यायालयाने रूपलाल खटल्यातील या निकालात रॉय खटल्याचाच आधार घेतला आणि सांगितले की पहिले तीन निकष जुळत असतील तर केवळ वेतनातील फरकाने समतुल्यता नाहीशी होत नाही. पुनर्रचनेच्या आदल्या वर्षा-सहा महिन्यांत घाईने आखलेली मोजपट्टी त्रेचाळीस वर्षांनी, पुनर्रचनेशी संबंध नसलेल्या माणसांच्या कामी आली.

माझ्याकडे येणारे पक्षकार वेतनपत्रकांची चळत घेऊन येतात. शेजारच्या खात्यातील माणसाला किती मिळते, हे त्यांना रुपयापर्यंत पाठ असते. कर्तव्यसूची आणा, कामवाटपाचे आदेश आणा, असे म्हटले की ते गोंधळतात. वकिलीच्या पहिल्या वर्षांत एका निवृत्त कारकुनाचे जीर्ण सेवापुस्तक माझ्या हाती आले होते. वर मुंबई राज्याचा शिक्का, काही पानांनंतर म्हैसूरचा, मग कर्नाटकाचा. प्रत्येक वेतनवाढ तारखेनिशी नोंदलेली होती. तो गृहस्थ तीस वर्षे टेबलावर नेमके कोणते काम करीत होता, याची मात्र त्यात एकही नोंद नव्हती.