सभा, मंडप आणि हॉटेल

सभेची पत्रिका हातीं आली कीं आपण वक्ता कोण, अध्यक्ष कोण आणि विषय कोणता हें प्रथम पाहतों. जागा कोणती हें पत्रिकेच्या तळाशीं छापलेलें असतें आणि तें आपण पाहतों तें केवळ वेळेवर पोहोंचतां यावें म्हणून. परंतु आपल्या प्रांताचा गेल्या दीडशें वर्षांचा सार्वजनिक इतिहास चाळला, तर सभेला कोण येणार आणि कोण येणार नाहीं हें पुष्कळदां जागेनेंच ठरविलें आहे असें दिसून येतें. आज मोठ्या शहरांतील परिषदा, कंपन्यांचे मेळावे, विवाहाचे स्वागतसमारंभ आणि प्रसंगीं राजकीय पक्षांच्या बैठकासुद्धां पंचतारांकित हॉटेलांच्या दालनांत होतात. ही चाल कशी पडली, आणि तिनें आपल्याला काय दिलें व आपल्याकडून काय घेतलें, याचा थोडा विचार आज करूं.

आरंभ मोठ्या शहरापासून न करतां मी पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन गांवांपासून करतों. घोड नदीच्या कांठीं शिरूर आणि भीमेच्या कांठीं दौंड. शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टनची फौज कोरेगांवच्या वाटेला लागली ती येथूनच. दौंडला मोठेपण दिलें तें आगगाडीनें. १८७८ मध्यें मनमाडचा मार्ग येऊन मिळाला आणि गांवाचें जंक्शन झालें. आमच्याकडील अशा गांवांत चार माणसांनीं एकत्र बसण्याच्या जागा पूर्वापार ठरलेल्या होत्या: देवळाचा सभामंडप, चावडी, धर्मशाळा, एखाद्या वाड्याची ओसरी, आणि पुढें शाळेचें पटांगण. यांपैकीं कोठेंहि बसण्याचें भाडें पडत नसे. तरीहि या जागा सर्वांच्या नव्हत्या. सभामंडपांत अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाऊल टाकतां येत नसे, आणि चावडीवर त्याला दूर खालीं उभें राहून बोलावें लागे. छावणींतील अधिकाऱ्यांच्या मेसमध्यें गोऱ्यांखेरीज कोणी बसत नसे. आगगाडी आली तेव्हां तिनें तिसराच प्रकार आणला. ज्याच्या हातीं वरच्या वर्गाचें तिकीट, त्याला बसावयास खुर्च्यांची खोली; बाकीच्यांना फलाट. त्यांतूनहि मोठ्या स्थानकांवर हिंदूंचें पाणी निराळें आणि मुसलमानांचें निराळें.

म्हणजे दाराला कुलपें तीन प्रकारचीं होतीं: एक जातीचें, दुसरें रंगाचें आणि तिसरें पैशाचें. हॉटेल ही संस्था आपल्याकडे आली तेव्हां या तीन कुलपांचें काय झालें, हाच आजच्या कथेचा धागा आहे.

मुंबईंत काळा घोडा भागांत वॉटसनचें हॉटेल उभें राहिलें तें १८६० नंतरच्या दशकांत. त्याचा सांगाडा बिडाच्या लोखंडाचा. तो विलायतेंत ओतून, सुटे भाग जहाजानें आणून येथें जोडलेला. हें हॉटेल युरोपीय पाहुण्यांपुरतें होतें. याच हॉटेलांत ७ जुलै १८९६ या दिवशीं ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानांतील पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. पुढील आठवड्यांत, १४ जुलैपासून, तेच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहांत सुरू झाले. तेथें दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले गेले, आणि पडद्यांत राहणाऱ्या स्त्रियांसाठीं स्वतंत्र कक्ष राखून ठेवण्यांत आले. चित्रें तींच आणि यंत्रहि तेंच, पण जागा बदलतांच चार आणेवाला कारकून आणि पडद्याआडची गृहिणी हीं दोघेंहि प्रेक्षक झालीं. सभेची जागा ही केवळ सोयीची बाब नसते, याचें याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाहीं.

त्या काळीं आपल्या लोकांनीं सभा कोठें घेतल्या? पुण्यांत सार्वजनिक सभा १८७० मध्यें स्थापन झाली, आणि पांच वर्षांनीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. अशा उद्योगांना वाडे, बागा, ग्रंथालयें आणि शाळा यांचाच आश्रय होता. काँग्रेसचें पहिलें अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरांत पुण्यास भरावयाचें होतें. पटकीची सांथ आल्यामुळें तें मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें. बहात्तर प्रतिनिधि एका पाठशाळेंत जमले आणि तेथून एका राष्ट्रीय संस्थेचा जन्म झाला.

पण स्वतःची जागा असली म्हणजे प्रश्न सुटतो असें मात्र नाहीं. दहा वर्षांनीं, १८९५ सालीं, काँग्रेस पुण्यास भरली; अध्यक्ष सुरेंद्रनाथ बानर्जी. तोंपर्यंत काँग्रेसचें काम संपलें कीं त्याच मंडपांत सामाजिक परिषद भरत असे. विधवाविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण हे तिचे विषय. मंडप सर्वांच्या वर्गणींतून उभा राहतो, मग सुधारणा ज्यांना मान्य नाहींत त्यांच्या पैशाच्या मंडपांत सुधारकांची सभा कां, असा आक्षेप निघाला. वाद इतका विकोपाला गेला कीं मंडप जाळूं अशा धमक्यांपर्यंत मजल गेली. अखेर रानड्यांनीं काँग्रेसचें कार्य बिघडूं नये म्हणून माघार घेतली आणि सामाजिक परिषद निराळ्या मंडपांत भरविली. वर्गणीच्या मंडपाला वर्गणीदारांचीं मतें चिकटलेलीं असतात, हें त्या वर्षीं पुण्यानें पाहिलें.

अशा पार्श्वभूमीवर १६ डिसेंबर १९०३ रोजीं मुंबईच्या बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलें. जमशेटजी टाटा यांना वॉटसनच्या दारांतून परत पाठविलें आणि त्या अपमानाच्या रागानें त्यांनीं ताज बांधलें, अशी आख्यायिका घरोघर सांगतात; पण इतिहासकार तिच्याविषयीं साशंक आहेत, आणि जमशेटजींचें मोठेपण समजण्यास तिची गरजहि नाहीं. १८९६ पासून प्लेगनें ग्रासलेल्या मुंबईला जगांतील प्रवासी पुनः यावेत असें कांहीं तरी द्यावें, हा विचार त्यांच्यासारख्या माणसाला पुरेसा होता. इमारतीचा आराखडा केला तो एका मराठी स्थापत्यविशारदानें, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनीं, आणि त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते; पुढें काम पुरें केलें चेंबर्स या इंग्रजानें. विजेचे दिवे, विजेचे पाळणे, परदेशांतून निवडून आणलेलें सामान, असा त्याचा थाट होता. पहिल्या दिवशीं पाहुणे उतरले ते अवघे सतरा. त्यानंतर पांचच महिन्यांनीं, १९०४ च्या मे महिन्यांत, जमशेटजी परदेशीं वारले. गेटवे ऑफ इंडिया ही कमान आज ताजची शेजारीण म्हणून प्रसिद्ध आहे. पण ती उघडली १९२४ मध्यें, म्हणजे हॉटेल तिच्याहून एकवीस वर्षांनीं वडील.

ताजची खरी नवलाई त्याच्या घुमटांत नव्हती, ती त्याच्या दारांत होती. या दारावर रंगाचें कुलूप नव्हतें. देशी संस्थानिक, पारशी व्यापारी, हिंदु वकील आणि इंग्रज अधिकारी हे ज्या एका छपराखालीं बरोबरीनें जेवूं शकत, अशा जागा त्या वेळच्या मुंबईंत फार थोड्या होत्या. गोऱ्यांचे क्लब तर हिंदी माणसाला सभासद करून घेत नसत. पहिल्या महायुद्धांत याच इमारतींत सहाशें खाटांचें इस्पितळ झालें. सरोजिनी नायडू यांचें मुंबईंतील वास्तव्य ताजमध्यें असे, आणि त्यामुळें राष्ट्रीय चळवळींतील अनेक माणसांची तेथें ये-जा होई.

रंगाचें कुलूप असें एका दारापुरतें निघालें. जातीचें मात्र फार दिवस राहिलें. १९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हां अमेरिकेंत आणि इंग्लंडांत शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरांत उतरावयास जागा मिळेना. एका पारशी सराईंत त्यांनीं पारशी नांव घेऊन मुक्काम केला. कांहीं दिवसांतच ही गोष्ट बाहेर फुटली, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांना तेथून हांकलून लाविलें. हा प्रसंग त्यांनीं स्वतः पुढें लिहून ठेवला आहे. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर सर्वांना खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींना १९४७ सालीं उपोषण करावें लागलें, यावरून तीस वर्षांनींहि परिस्थिति किती पालटली होती तें दिसतें. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्याबरोबर दुकानें, उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचाहि नांवानिशीं उल्लेख आहे. देशाच्या मूलभूत कायद्यांत हॉटेलाचें नांव कशाला, असें ज्याला वाटेल त्यानें बडोद्याची सराई आठवावी. पुढें १९५६ च्या ऑक्टोबरांत धम्मदीक्षेसाठीं बाबासाहेब नागपुरास आले तेव्हां ते सीताबर्डीवरील श्याम हॉटेलांत उतरले, आणि दीक्षेच्या आदल्या दिवशीं, १३ तारखेला, तेथेंच त्यांनीं वार्ताहरांना आपली भूमिका सांगितली. ज्याला एका सराईंतून काठीच्या धाकानें बाहेर काढलें, त्याचा शब्द ऐकण्यास एकोणचाळीस वर्षांनीं वृत्तपत्रें एका हॉटेलांत जमलीं.

मोठ्या हॉटेलांत मोठीं कामें होतात याचें एक कारण अगदीं व्यवहारी आहे. निजणें, जेवणें, बसणें, लिहिणें आणि बोलणें हीं सर्व एका आवारांत होतात, आणि ती जागा दोन्ही पक्षांपैकीं कोणाचीहि नसते. दुसरें महायुद्ध चालूं असतांना, १९४४ च्या जुलैमध्यें, अमेरिकेंत ब्रेटन वुड्स येथील माउंट वॉशिंग्टन हॉटेलांत चव्वेचाळीस राष्ट्रांचे प्रतिनिधि तीन आठवडे बसले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक या संस्थांचा पाया घातला गेला. हिंदुस्थानच्या प्रतिनिधिमंडळांत रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेला हा माणूस त्या डोंगरांतल्या हॉटेलांत जगाच्या नाण्याचा हिशेब मांडण्यास बसला होता. यजमानाच्या घरीं अशी मसलत अवघड जाते. भाड्याच्या जागेंत ती मोकळेपणें होते. हा गुण मान्य केलाच पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर शहरांतील समारंभ हळूहळू अशा जागांकडे वळले. ताजवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं अतिरेक्यांनीं हल्ला केला, त्या वेळीं तेथें एका मोठ्या कंपनीच्या संचालकांचें भोजन आणि एक लग्नाचा समारंभ चालूं होता. पाहुण्यांना वांचवितांना हॉटेलच्या कांहीं नोकरांनीं प्राण दिले. नुकसान झालेली जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजीं पुनः उघडली. हॉटेल हें आतां केवळ प्रवाशाचें विश्रामस्थान उरलें नसून शहराचें एक बैठकीचें घर झालें आहे, हें त्या दुःखद रात्रीनें साऱ्या देशाला दाखविलें.

परंतु बैठकीच्या घरालाहि मर्यादा आहे, आणि ती महाराष्ट्रानें अलीकडेच पाहिली. २५ नोव्हेंबर २०१९ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथील ग्रँड हयात हॉटेलांत तीन पक्षांनीं आपले आमदार एकत्र उभे केले आणि आपण १६२ आहों असें जाहीर केलें. दुसऱ्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमताची परीक्षा विधानसभेंत घेण्याचा आदेश दिला. १९९४ च्या बोम्मई प्रकरणांत याच न्यायालयानें सांगून ठेवलें होतें कीं बहुमताचा निर्णय सभागृहांतच व्हावयाचा. पुढें २०२२ च्या जूनमध्यें आमदारांचा दुसरा एक गट प्रथम सुरतेंतील आणि मग गुवाहाटींतील पंचतारांकित हॉटेलांत मुक्कामास राहिला, आणि महिना संपतां संपतां सरकार बदललें. यांत कोणता पक्ष चुकला हें मला सांगावयाचें नाहीं. हॉटेलाचा आश्रय सर्वांनींच घेतला आहे. मुद्दा जागेचा आहे. विधानसभेंत प्रेक्षकांची गॅलरी असते, तेथें बोललेला शब्द कार्यवृत्तांत छापला जातो, आणि शिरूरचा किंवा दौंडचा मतदार परवाना काढून आपला प्रतिनिधि काय करतो तें पाहूं शकतो. हॉटेलच्या दालनाला गॅलरी नसते. दाराशीं जो पहारेकरी असतो तो भाडें देणाऱ्याचा.

येथें आपण तिसऱ्या कुलपाशीं येतों. रंगाचें कुलूप काळानें काढलें, जातीचें कायद्यानें बेकायदेशीर ठरविलें. पैशाचें मात्र आपण आपल्या हातानें, आणि कांहींशा अभिमानानें, लावीत आहों. एखाद्या खाजगी कंपनीनें आपली बैठक कोठें घ्यावी हा तिचा प्रश्न. परंतु शिक्षणाची परिषद, साहित्याची चर्चा, शेतमालाच्या भावाचा विचार, हीं कामें जर भव्य हॉटेलांतच होऊं लागलीं, तर ज्यांच्याविषयीं बोलावयाचें तेच बाहेर राहतात. त्यांना कोणी मज्जाव करीत नाहीं हें खरें. पण गालिच्यावरून चालतांना ज्याला आपल्या वहाणांची लाज वाटते, तो निमंत्रण असूनहि येत नाहीं. आणि आला तरी मागच्या खुर्चीवरून प्रश्न विचारीत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना माझें सांगणें एवढेंच आहे. लग्नाचा समारंभ जेथें हौस असेल तेथें करावा. मात्र ज्या सभेला आपण सार्वजनिक म्हणतों, तिची जागा ठरवितांना मंडळाच्या कार्यवाहानें एक प्रश्न जरूर विचारावा: या विषयाशीं ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे तो माणूस या दारांतून सहज आंत येईल काय? उत्तर नाहीं असें आलें, तर गांवांत नगरवाचनालय असतें, शाळेचें सभागृह असतें, नगरपालिकेचें सभागृह असतें. तीं कळाहीन झालीं आहेत, पंखे चालत नाहींत, खुर्च्या मोडक्या आहेत, ही तक्रार खरी आहे. पण एका दिवसाच्या हॉटेलच्या भाड्यांत त्यांतल्या कित्येक खुर्च्या दुरुस्त होतील, आणि त्या पुढच्या सभेलाहि उपयोगीं पडतील.