धूमसूचक व कार्बन मोनॉक्साइड-सूचक (जालना जिल्ह्यातील घरांसंबंधी)

घरात आग लागल्याची वा विषारी वायू साठल्याची वर्दी रहिवाशांना, विशेषतः निद्रिस्तांना, घंटानादाने देणारी ही उपकरणे होत. धूमसूचक धुराचे कण टिपतो. कार्बन मोनॉक्साइड वर्णहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनकडे त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक असल्यामुळे, त्याच्यासाठी विद्युत्-रासायनिक संवेदकाचे स्वतंत्र उपकरण लागते.

१ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्यास महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू असून, इमारतीचा वापर व उंची पाहून साधने ठरविण्याची, ती सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादारावर टाकण्याची आणि परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारी व जुलैमध्ये घेण्याची तजवीज त्यात आहे. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) १५ मीटर वा त्याहून उंच इमारतींस विशेष दक्षतेच्या कक्षेत आणते; परिणामी आठही तालुक्यांतील बैठी घरे धूमसूचकाच्या सक्तीबाहेर राहतात, आणि कार्बन मोनॉक्साइड-सूचकाची सक्ती तर राहत्या घरांवर मुळीच नाही. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून, गॅसची शेगडी वगळता अन्य स्थिर ज्वलनसाधन असलेल्या भाड्याच्या खोलीत तो बसविणे घरमालकावर बंधनकारक आहे. उंची मोजणाऱ्या आपल्या कायद्याने ज्वलनसाधनही मोजावे, हे न्याय्यच होय.

मराठवाड्यातील माळवदाच्या जुन्या घरात पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीचा धूर छतातील सवण्यावाटे निघून जाई. स्लॅबच्या घरात सवणे राहिले नाही आणि न्हाणीघरात गॅस गिझर आला. दार-खिडकी बंद असता बर्नर तेथील प्राणवायू खाऊ लागतो, निळी ज्योत पिवळी पडते, स्नान करणाऱ्याचे डोके जड होते, पायांतले बळ सरते आणि कडी काढावयास हात उठत नाही. थंडीत निजण्याच्या बंद खोलीत ठेवलेली निखाऱ्यांची शेगडीही तितकीच घातक असते, कारण धगधगत्या निखाऱ्यास फारसा धूर नसतो आणि धूमसूचक मूकच राहतो.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा व कार्बन मोनॉक्साइड-सूचक निजण्याच्या खोलीजवळ लावावा. चुलीच्या स्वयंपाकघरात धूमसूचक वारंवार विनाकारण वाजतो. तेथे उष्णतासूचक इष्ट. घंटा वाजताच सर्वांनी बाहेर यावे, आणि कोणी बेशुद्ध असल्यास त्यास मोकळ्या हवेत आणून १०८ या क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.