थडग्यांचे साक्षीपुरावे : एका आयरिश कुळाचा शोध



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे इतिहास शिकलो आणि पुढे त्याच वर्गात तो शिकवला. "कागद जेवढे बोलतो तेवढेच बोला, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका," हे ते वारंवार सांगत. हा उपदेश मला तोंडपाठ होता. तरीही मी तो एकदा मोडला. आजचे व्याख्यान त्या चुकीविषयी आहे आणि ती दुरुस्त करताना मी जे शिकलो त्याविषयीही.

१९९४ च्या डिसेंबरात डब्लिनहून आलेल्या एक वृद्ध बाई कोणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे आल्या. त्यांच्या पणजोबांचा थोरला भाऊ कंपनी सरकारच्या गोऱ्या फौजेत सैनिक होता आणि बेळगावात वारला, एवढे त्यांना ठाऊक होते. सत्तावन्नच्या लढाईत त्याला वीरमरण आले, असे घरात सांगत. त्यांचे खरे आडनाव सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून आपण 'मर्फी' म्हणू. आयर्लंडात याहून अधिक आढळणारे आडनाव नाही आणि पुढची सगळी अडचण त्यातच आहे.

कँपातल्या जुन्या दफनभूमीत आम्ही दोन दिवस हिंडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गवतात अर्धा रुतलेला एक दगड सापडला. त्यावर 'जे. मर्फी' एवढे वाचता येत होते. खाली १८५ हे आकडे होते आणि चौथा आकडा झिजला होता. मी बोट फिरवून पाहिले आणि म्हणालो, "सात." त्या सत्तर वर्षांच्या बाई गुडघे टेकून बसल्या. घरून आणलेली मूठभर माती त्यांनी त्या दगडापाशी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मला धन्यता वाटली. ती धन्यता मी पुरावा नसताना मिळवली होती.

आता थोडे आयर्लंडकडे वळू. त्या देशात पूर्वजांचा शोध घेणारा माणूस दफनभूमीकडे का धावतो, हे कळल्याशिवाय या बाईंची तळमळ समजणार नाही.

३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या इमारतीतील सार्वजनिक दफ्तरखाना स्फोट आणि आगीत नष्ट झाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार जनगणनांची घरोघरची पत्रके, काही तुकडे वगळता, जळाली. शतकांची मृत्युपत्रे गेली. चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या मूळ नोंदवह्याही गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांची पत्रके तर त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट झाली होती. त्यामुळे संपूर्ण देशाची म्हणावी अशी सर्वांत जुनी घरोघरची जनगणना १९०१ ची आहे. २०२२ साली, त्या आगीच्या शताब्दीला, जगभरच्या ग्रंथालयांतील नकला जुळवून तो दफ्तरखाना संगणकावर पुन्हा उभारण्याचा प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. पण नकलाच नसलेला कागद कोण परत आणणार?

त्याच शतकात महादुष्काळ पडला. बटाट्याचे पीक १८४५ पासून रोगाने गेले. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. १८४१ ची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. त्या मृत्यूंचे तक्ते तयार केले ते सर विल्यम वाइल्ड या डॉक्टरांनी, म्हणजे ऑस्कर वाइल्डच्या वडिलांनी. पण तक्त्यांत आकडे असतात, नावे नसतात.

नावे कोठे मिळतात? पहिले साधन म्हणजे सरकारी मृत्युनोंद. सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह व मृत्यूंची सक्तीची नोंद आयर्लंडात १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. नोंदीत मृत्यूची तारीख व ठिकाण, नाव, विवाहित की विधुर, वय, व्यवसाय, मृत्यूचे कारण, आजार किती दिवस होता आणि खबर देणाऱ्याची सही असे रकाने होते. आईबापांचे नाव मात्र नसे. आपल्याकडे श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे उच्चारावी लागतात. त्या आयरिश कागदावर एक पिढीही मागे जाता येत नाही. म्हणून शहाणा शोधक मृताच्या नावाइतकेच लक्ष खबर देणाऱ्याकडे देतो. ती मुलगी असेल तर तिचे लग्नानंतरचे आडनाव कळते. सहीऐवजी फुली असेल तर घरात अक्षरओळख नव्हती हे कळते.

वयावर विश्वास ठेवू नये, हा त्या कागदांचा दुसरा धडा. जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले आणि १९०१ मध्ये अठ्ठावन्न वर्षांची असलेली माणसे १९११ मध्ये थेट बाहत्तर वर्षांची झाली! यात लबाडी थोडी होती, पण अज्ञान बरेच होते. जन्माचा दाखला नसलेल्या माणसाला आपले वय अंदाजानेच ठाऊक असते. आपल्या आजीआजोबांचे काय वेगळे होते?

दुसरे साधन चर्चच्या नोंदवह्या. रोमन कॅथलिक वह्यांत बाप्तिस्मा व लग्ने असतात, दफनाच्या नोंदी क्वचितच. शिवाय धर्मसुधारणेनंतर जुन्या दफनभूमी चर्च ऑफ आयर्लंडच्या ताब्यात गेल्या. कॅथलिक माणसे आपल्या वाडवडिलांशेजारी तेथेच पुरली जात, म्हणून कॅथलिकाची दफननोंद कधी कधी प्रॉटेस्टंट वहीत सापडते. ही अडचण दूर व्हावी म्हणून डॅनियल ओकॉनेल यांच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये सर्व धर्मांना खुली असलेली ग्लासनेव्हिनची दफनभूमी १८३२ साली सुरू झाली. तेथे पहिले दफन अकरा वर्षांच्या एका मुलाचे झाले. आजवर सुमारे पंधरा लाख माणसे तेथे विसावली आहेत. ओकॉनेल यांच्या समाधीवर उंच मनोरा आहे. हजारो गरिबांच्या जागेवर दगडही नाही. पण दफनाच्या वहीत मनोरेवाल्याला आणि बेवारशाला सारखीच एकेक ओळ मिळाली आहे.

तिसरे साधन प्रत्यक्ष थडग्याचा दगड. 'अमक्याने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उभारला' असे त्यावर असले तर एका दगडात दोन पिढ्या मिळतात आणि टाउनलँडचे, म्हणजे वाडीचे, नाव असले तर मोठे भाग्य. आयर्लंडात अशा साठ हजारांहून अधिक वाड्या आहेत आणि वाडी कळल्यावाचून एका मर्फीपासून दुसरा मर्फी वेगळा करता येत नाही. दगड झिजतात, म्हणून १८८८ पासून कर्नल व्हिगर्स यांच्या पुढाकाराने एका मंडळाने देशभरचे थडग्यांवरील लेख उतरवून छापले. त्यांतले अनेक दगड आज वाचता येत नाहीत, पण छापील लेख उरला. दगड वाचण्याचीही रीत आहे. तारेच्या ब्रशाने घासू नये, खडू फासू नये. उन्हे कलल्यावर आरशाने तिरपा प्रकाश पाडावा, म्हणजे बुजलेली अक्षरे सावलीने उठतात.

ही रीत मला १९९४ साली ठाऊक नव्हती. ठाऊक असती तरी मी ती वापरली असती का, याची खात्री नाही. मला सात हा आकडा हवा होता.

बाई परत गेल्यावर माझ्या मनाला टोचणी लागली. मुंबई इलाख्यातील पाद्री आपल्या दफननोंदींच्या नकला वरिष्ठांकडे पाठवीत आणि त्या पुढे लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बाईंच्या परिचयातील एका अभ्यासकाला मी पत्र लिहिले. आठ महिन्यांनी उत्तर आले. बेळगावात त्या दशकात दोन 'जे. मर्फी' पुरले गेले होते. एक जेम्स, सार्जंट, वय ४१, मृत्यू १८५१. दुसरा जॉन, साधा शिपाई, वय २५, मृत्यू १८५५, कारण पटकी. मृत्यू आणि दफन एकाच दिवशी.

त्या संध्याकाळी मी आरसा घेऊन कँपात गेलो. दगडाभोवतीची माती हाताने काढली. तिरप्या उजेडात झिजलेला आकडा दिसला. तो एक होता. मातीखाली 'सार्जंट' हा शब्द होता आणि तो दगड त्याच्या सोबत्यांनी उभारला, असेही होते.

बाईंचा माणूस कोणता? कंपनीच्या रंगरुटांच्या वह्यांत प्रत्येकाचे वय, पूर्वीचा धंदा आणि मूळ ठिकाण लिहिलेले असे. त्यात १८४८ साली भरती झालेला जॉन मर्फी सापडला : वय १८, मजूर, काउंटी क्लेअर. म्हणजे दुष्काळाच्या ऐन काळात हा मुलगा बंदूक धरण्यासाठी नव्हे, तर पोटासाठी निघाला होता. सात वर्षांनी तो आपल्या गावी पटकीने मेला. सत्तावन्न उजाडायला दोन वर्षे बाकी होती. शिपायाच्या थडग्यावर दगड कोण उभारणार? त्याची जागा कोणती, ते आजही कोणी सांगू शकत नाही.

हे बाईंना कळवावे की नाही, यावर मी तीन आठवडे घालवले. त्यांचे समाधान हिरावून घेण्याचा मला काय अधिकार, असे एक मन म्हणे. ते समाधान माझ्या खोट्या वाचनावर उभे आहे, असे दुसरे म्हणे. तोवर सर हयात होते. त्यांच्याकडे गेलो. सर्व ऐकून ते एवढेच म्हणाले, "तू सात वाचलास तेव्हा विचारायला आला नाहीस. आता कशाला आलास?" मी घरी येऊन पत्र लिहिले.

उत्तर यायला दोन महिने लागले. बाईंनी मला बोल लावला नव्हता. "त्या सार्जंटलाही घरची माती मिळाली नसेल. ती तिथेच राहू द्या," असे त्यांनी लिहिले होते. पण पत्र तेवढ्यावर संपत नव्हते. क्लेअर हे नाव मिळताच त्या स्वतः शोधाला लागल्या होत्या. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांना १८३० साली जॉन आणि पाच वर्षांनी त्याच आईबापांच्या पोटी आपले पणजोबा सापडले. आईचे नाव आणि वाडी कळली. त्या आईविषयी घरात एकच गोष्ट सांगत, ती अमेरिकेला गेली. बाईंनी मृत्युनोंदी पाहिल्या. १८६९ साली, क्लेअरमधील एका वर्कहाउसात, त्याच नावाची, त्याच वाडीची, सत्तर वर्षांची विधवा मेली होती. व्यवसायाच्या रकान्यात मजुराची बायको. खबर देणारा वर्कहाउसचा नोकर.

वर्कहाउस म्हणजे सरकारी अन्नछत्र नव्हे. तेथे नवरा-बायको, आई-मुले वेगवेगळ्या आवारांत ठेवली जात आणि मेल्यावर बहुधा खुणेवाचून पुरली जात. आपली आई तेथे मेली हे सांगण्याची कुळाला लाज वाटली असावी, म्हणून अमेरिकेची आगबोट आणि सत्तावन्नची लढाई जन्मली असावी. दोन्ही गोष्टी रचणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीही एक आकडा रचलाच होता. फरक इतकाच की त्यांनी तो दुःखापोटी केला आणि मी कौतुकापोटी.

बाईंनी डब्लिनमधील आपल्या कुळाच्या थडग्यावर दोन नावे नव्याने कोरवून घेतली : मुलगा, बेळगाव, १८५५, आई, क्लेअर, १८६९. 'वीर' किंवा 'अमेरिका' असा शब्द तेथे नाही. त्या दगडाचे छायाचित्र माझ्या मेजाच्या काचेखाली आहे.

आपण दहन करणारे लोक. आपल्यापैकी बहुतेकांची थडगी नसतात. आपल्या नोंदी त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत, वतनाच्या कागदांत, ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरांत आणि या शाळेच्या दाखलाबुकांत आहेत. जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. घरी गेल्यावर आजीला विचारा, तिची आई कोठे, कोणत्या साली, कशाने गेली. सांगितलेले जसेच्या तसे लिहून ठेवा. जेथे आठवत नाही असे ती म्हणेल, तेथे जागा कोरी सोडा. ती कोरी जागा पुढे कोणी भरील, पण चुकीने भरलेली जागा कोणी पुन्हा उघडून पाहत नाही. मला पाहावी लागली, ती एका अनोळखी बाईंनी ठेवलेल्या मूठभर मातीमुळे.