मुंबईच्या तरुणांच्या वादसभा

आज ज्यास जागतिकीकरण म्हणतात त्याविषयीं पोरासोरांनीं बोलावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं निघत असेल. मुंबईंत तो १८४१ सालींच निघाला होता. त्या वर्षीं ‘बॉम्बे गॅझेट’ ह्या इंग्रजी पत्रांत ‘एक हिंदु’ अशा सहीचीं आठ पत्रें प्रसिद्ध झालीं. परराज्यामुळें येथील व्यापारधंदा बुडतो व देशाचें द्रव्य समुद्रापार जातें, हें त्यांत रोखठोक मांडलें होतें. लिहिणारे भास्कर पांडुरंग तर्खडकर तेव्हां अवघे पंचविशीचे होते. दादाभाई नौरोजींनीं हाच विषय लंडनच्या सभेपुढें मांडला तो १८६७ सालीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या पत्रांचें मोल कळतें.

पुढें १८४८ च्या जूनमध्यें एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थी व तरुण शिक्षक ह्यांनीं प्रोफेसर पॅटन ह्यांच्या साह्यानें ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. निबंध वाचावयाचा व त्यावर वाद करावयाचा, असा परिपाठ. मात्र धर्म व राजकारण ह्यांस मज्जाव! मीही शाळेंत पुष्कळ वर्षें वक्तृत्वाच्या चढाओढी घेतल्या. चिठ्ठींत निघेल ती बाजू मुलानें मांडावी, ढाल मिळवावी आणि घरीं जावें. त्यांतून कांहीं निपजल्याचें मला स्मरत नाहीं. ह्या सभेचें तसें झालें नाहीं. १८४९ सालीं एका पारशी सभासदानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, वाद झाला, आणि त्याच वर्षीं सभासदांनीं मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई तेव्हां चोवीस वर्षांचे. ते व त्यांचे सोबती घरोघर फिरून, ‘आपल्या ओसरीवर मुलींस शिकवूं द्या’ अशी विनवणी करीत. कोणी रुकार देत, तर कोणी पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी देत! सकाळीं, आपल्या नित्याच्या कामापूर्वीं, हे तरुण विनावेतन शिकवीत.

राजकारणाचा मज्जावही फार काळ पुरला नाहीं. १८५२ सालीं ‘बॉम्बे असोसिएशन’ निघाली, तींत दादाभाई व भाऊ दाजी हींच मंडळी पुन्हां दिसतात.

मराठींतून वाद चालावा म्हणून विद्यार्थ्यांच्या सभेची ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ ही शाखा निघाली होती. तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. भास्करराव हे त्यांचे धाकटे बंधु. परंतु ती सभा पाहावयास ते राहिले नाहींत. १८४७ सालींच ते निवर्तले होते.